सासूबाईंचा खुबा

खारदेवळी, तालुका पेण
१२ डिसेंबर २०२४

नेत्रा,

आशीर्वाद आधी घे, शिव्या मागून येतील.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या प्रगतिपुस्तकावर याच अक्षरात सही असायची. व्हय, तुझा बापूसच लिहितोय. "मी तिच्याशी बोलणार नाही" अशी त्याने दोन वर्षांपूर्वी गणपतीसमोर शपथ घेतली होती. मी म्हटलं, सदू, बोलणार न्हाय म्हणालास, लिहिणार न्हाय असं कुठं म्हणालास? मी बोलते, तू नुसता हात चालव. गणपतीशी मी बघून घेईन.

आता म्हणतोय, "आये, हे कशाला लिहायचं?" तेही लिही, सदू. मी बोलेन ते सगळं लिहायचं. संध्याकाळी मी ते कोकिळाकडून वाचून घेणार आहे. तुझी आई एक शब्द गाळत नाही, नवऱ्याच्या चुका वाचायला तिला फार आवडतं. एवढं मात्र आहे, मी 'न्हाय' म्हटलं की हा मध्येच 'नाही' लिहितो. चार डंपरचा शेठ झालाय ना. असू दे, थोडी शुद्ध झाले म्हणून मरत नाही मी.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोन कानाला लावला की मला वाल भाजल्यासारखी नुसती तडतड ऐकू येते. पत्र बरं. पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं, आणि समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझं पत्र कोकिळाने ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. हा आत टीव्ही बघत होता. टीव्ही बंद होता.

मला समजलं ते सांगते, चुकलं तर हस. गोदावरीच्या खोऱ्यात तांबड्या मातीत तुला एका जनावराची हाडं मिळालीत, दगड झालेली. घोरपडीच्या लांबच्या नात्यातलं, पण रेड्याएवढं. बावीस कोटी वर्षांपूर्वीचं. (सदूला विचारलं, बावीस कोटी वर्षं म्हणजे किती रे? म्हणाला, "तुझ्यापेक्षा थोडी जास्त." बघ, विनोद करतो अजून.) तुमच्या कलकत्त्याच्या संस्थेत ते जनावर पाय दोन्हीकडे फाकून, पोट भुईला टेकवून मांडलंय. तुझे मोठे सर म्हणतात, ते असंच सरपटायचं. तू म्हणतेस, नाही, ते पाय पोटाखाली घेऊन, अंग उचलून चालायचं, बैलासारखं. हे एप्रिलमध्ये चार मोठ्या माणसांसमोर सिद्ध करायचंय. नाही झालं तर तुझी सहा वर्षं फुकट, मग तू हाडं सोडून कुठल्यातरी क्लासात शिकवायला जाणार, असं लिहिलंयस.

हे वाक्य आलं तेव्हा आत बंद टीव्ही बघणारा माणूस दोनदा खोकला.

तुमच्या दोघांच्या भांडणाबद्दल मी काही बोलणार नाही. आपण सगळी काशीदला गेलो होतो, सदू ओल्या वाळूत पुढे चालला होता आणि तू मागून मोबाईल धरलास, त्याबद्दल तर मुळीच बोलणार नाही. मग महिन्याभराने इंटरनेटवरच्या कुठल्याशा सभेत तू पडद्यावर एकीकडे आपल्या बांधावरची घोरपड चालवलीस आणि दुसरीकडे बापूस. कुणा भल्या माणसाने तेवढाच तुकडा कापला, त्यावर ढोलकी लावली, आणि पेणपासून उरणपर्यंत सगळ्या गाडीवाल्यांच्या फोनवर सदूशेठ घरत आणि घोरपड जोडीने चालायला लागले. नाक्यावर याचं नाव घोरपडशेठ पडलं. याने तुला फोन करून सांगितलं, "माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस." तू पण त्याचीच. ठेवलं नाहीस.

बघ, बोलले नाही काही.

तर तुझी अडचण. तू लिहितेस की सांध्यात हाडाच्या टोकावर मऊ गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. दगड होताना ती गादी सडून जाते. त्यामुळे नुसती हाडं एकमेकांत बसवून बघितली तर पाय कुठंही बसतो, पोटाखाली पण आणि बाजूला पण. म्हणजे मोठ्या सरांचं पण बरोबर आणि तुझं पण बरोबर.

मला हाडातलं कळत नाही. झिजेतलं कळतं. माझी सासू आणि मी जात्यावर समोरासमोर बसून तांदूळ दळायचो. दोघींचा हात एका खुंट्यावर. सासू गावभर सांगायची, "सगळं वढते मीच, ही रंगू नुसता हात ठेवते." मी तेव्हा काही बोलले नाही. चार वर्षांनी खुंटा बदलायला काढला तेव्हा सासऱ्यांसमोर नेऊन ठेवला. माझ्या बाजूला बोटभर झिजला होता. सासूच्या बाजूला नवा कोरा, सुताराच्या पटाशीचे वळ तसेच. सासरे दोन दिवस हसत होते. सासू चार महिने बोलली नाही. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले चार महिने.

म्हणून विचारते. तुझ्या जनावरांत एखादी म्हातारी नाही का, जिची गादी जिवंतपणीच संपली होती? हाडावर हाड घासलं असेल तर खूण राहिली असेल. आणि राहिली असेल तर एवढंच बघ, खुब्याच्या खोबणीचं छत घासलंय की भिंत? वजन वरून पडत असलं तर छत झिजेल. पाय बाजूला फाकलेले असले तर भिंत.

लिहिणारा म्हणतोय, पान संपलं. अजून चार बोटं जागा आहे, मला दिसतंय.

तुझी आजी रंगू

खारदेवळी
४ जानेवारी २०२५

नेत्रा,

छत! कोकिळाने वाचलं आणि मी ओरडलेच. शेजारची मनुबाई कुणी गेलं की काय म्हणून धावत आली. कुणी गेलं नाही हे कळल्यावर जरा हिरमुसली.

तर पेटीत तळाशी पडून राहिलेली एक म्हातारी तुला मिळाली. तिच्या मांडीच्या हाडाचा गोळा वरच्या अंगाला रुपयाएवढा चकाकतोय, आणि तेवढीच चकाकी खोबणीच्या छतावर, बरोब्बर समोरासमोर. तिचं नाव तू 'सासूबाई' ठेवलंस हे फार छान केलंस. माझी सासू वरून बघत असेल तर तिलाही बरं वाटेल, शेवटी कुणीतरी तिची झीज मान्य केली.

पण मोठे सर म्हणतात, नदीच्या पाण्याने घासलं असेल, नाहीतर तुमच्याच ब्रशाने. आणि विचारतात, चकाकीवरून चाल ओळखता येते हे कशावरून? त्या जनावराला चालताना कुणी बघितलंय? माणूस हुशार आहे. माझ्या सासऱ्यांसमोर याने सासूचीच बाजू घेतली असती.

आता इकडचं. लिहिणारा म्हणतोय हे लिहू नको, म्हणजे लिहायलाच पाहिजे. तुझा बापूस डंपरच्या पायरीवरून पडला. मोडलं काही नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, डाव्या खुब्यातली गादी संपलीय, हाडावर हाड घासतंय, गोळा बदलायला लागेल. हा घरी आला आणि म्हणाला, "बाम लावतो."

का नाही म्हणतोय ते तुला कळलं असेल. दोन वर्षांपूर्वी काशीदलाच तू त्याला म्हणाली होतीस, "बाबा, डावा खुबा दाखवून घ्या." आता दाखवला तर पोरगी खरी ठरते. बावीस वर्षं क्लच दाबून खुबा गेला तरी चालेल, पण पोरगी खरी ठरता कामा नये.

सदू, पेन थांबवू नको.

समजावून हा ऐकत नाही, हे मला त्याच्या जन्मापासून माहीत आहे. म्हणून मी त्याला मिठागरात नेलं. सध्या तिथं तळ तुडवायचं काम चाललंय. तुला ठाऊक आहे, पाणी घ्यायच्या आधी कप्प्याचा चिखल पायांनीच तुडवून घट्ट करावा लागतो, ओळीने उभं राहून, पावलाला पाऊल लावून. चाळीस वर्षं मी ते केलं. सकाळी कप्प्यात उतरले की आदल्या दिवसाच्या पावलांवरून सांगायचे, कोण रिकामी गेली, कोण भरली पाटी घेऊन गेली, कुणाचा नवरा काल पिऊन आला होता. मुकादम मला घाबरायचा.

न तुडवलेला एक कप्पा बघून मी म्हटलं, सदू, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चल. मग मी चालले. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, अनवाणी. मग बांधावर दोघं बसलो आणि मी कप्प्यातल्या बायकांना हाक मारून विचारलं, बायांनो, यातलं म्हाताऱ्याचं पाऊल कुठलं?

सगळ्यांनी याचं दाखवलं. एकीने तर विचारलं, "ह्यो बाबा कुठचा? ऐंशीच्या पुढचा दिसतो."

उजवं पाऊल सरळ आणि खोल. डावं बाहेर वळलेलं, आखूड, टाच नीट टेकलेलीच नाही. सदूने वाकून आपलं डावं पाऊल वितीने मोजलं. मग म्हणाला, "एवढं वाईट हाय?" मी म्हटलं, व्हय.

वीस तारखेला ऑपरेशन आहे. तुझ्यासाठी करत नाहीये, असं लिहायला सांगतोय. लिहिलं.

आजी

खारदेवळी
२९ जानेवारी

नेत्रा,

आज अक्षर तुझ्या आईचं आहे. सदूला घरी आणून पाच दिवस झाले. चार पायांची लोखंडी घोडी पुढे ढकलत ओसरीपर्यंत येतो आणि परत जातो. दुखणं विचारलं तर "काही नाही" म्हणतो, पण या वेळेला ते खरं असावं, कारण काल जेवणाला नावं ठेवली.

हे पत्र त्याला न सांगता चाललंय. कोकिळा, तू रडायचं असेल तर पदरावर रड, कागदावर नको.

डॉक्टरांनी आम्हाला तो काढलेला गोळा दाखवला. मी वाकून बघितलं. वरच्या अंगाला रुपयाएवढा चकाकत होता, शिंगाच्या फणीसारखा. माझ्या तोंडून निघून गेलं, "छत!" डॉक्टर म्हणाले, "काय आजी?" म्हटलं, काही नाही, सासूबाईंची आठवण झाली.

आणि त्याच दिवशी तुझं पत्र आलं. तू लिहिलंस: "आजी, म्हशींचे, बकऱ्यांचे झिजलेले खुबे मिळाले, मेलेल्या एका मगरीचाही मिळाला. पण ती जनावरं जिवंत असताना कशी चालायची ते कुणी टिपून ठेवलेलं नाही. नुसतं हाड आहे, चाल नाही. जिची चाल माझ्याजवळ आहे अशी एकच व्यक्ती आहे. तिचं हाड मागायची माझी हिंमत नाही. तू विचारशील?" आणि सोबत संस्थेचा कागद. त्यावर तुझ्या बापसाची सही हवी.

विचारलं का? नाही विचारलं. खोटं कशाला सांगू, घाबरले. मुकादमाला घाबरले नाही, सासूला घाबरले नाही. पण ज्या व्हिडिओने त्याचं हसं झालं त्याच्यासाठी आता त्याचंच हाड दे, हे पोटच्या पोराला कसं सांगायचं?

तेवढ्यात मनुबाईने घोळ घातला. म्हणाली, "माणसाच्या अंगाचा हाड हाय तो, असा टाकतात का? हरिहरेश्वरला नेऊन सोडा, न्हायतर सदूचा आत्मा पुढं लंगडत जाईल." सदूला ते पटलं. त्याला डॉक्टरांचं पटत नाही, पोरीचं पटत नाही, मनुबाईचं लगेच पटतं. त्याने इस्पितळातून सही करून तो गोळा मागून आणला. सध्या तो औषधाच्या पाण्यात, बरणीत, ओसरीच्या फडताळात आहे. लोणच्याच्या बरण्या मी दुसरीकडे हलवल्यात. उद्या सकाळी आपला ड्रायव्हर विनेश तो घेऊन हरिहरेश्वरला निघणार.

म्हणजे माझ्याकडे आजचाच दिवस आहे. कोकिळा हे पत्र टाकायला गेली की मी आत जाऊन सांगणार आहे. ओसरीपासून त्याची खाट सात पावलांवर आहे. आज लांब वाटतेय.

आजी

खारदेवळी
३ फेब्रुवारी

नेत्रा,

बापसाचंच अक्षर आहे, नीट बघ. थोडं हलतंय, पण आहे.

गेल्या पत्रातली सात पावलं मी चालले. तुझं पत्र शब्द न शब्द सांगितलं. याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जिवंतपणी तमाशा केला, आता हाडाचा पण करायचाय तिला?" आणि भिंतीकडे तोंड केलं. सकाळी विनेश बरणी घेऊन निघाला. गाडी बांधाआड जाईपर्यंत मी बघत उभी राहिले. वाटलं, संपलं. पोरीचं काम गेलं आणि घर पण गेलं.

मी हरले तिथं तुझी आई उठली. कोकिळाने लग्नाला तीस वर्षं झाली तरी या घरात कधी आवाज चढवला नव्हता. तिने याच्यासमोर फोन ठेवला आणि म्हणाली, "दोन वर्षं सांगतेय, पूर्ण बघा. आज हे पूर्ण बघितल्याशिवाय पेज मिळायची नाही."

नेत्रा, ऐक. या माणसाने ती तुझी सभा कधी बघितलीच नव्हती. दोन वर्षं! नाक्यावर कुणीतरी धरलेला तो ढोलकीचा तुकडा तेवढा बघितला होता, तोही अर्धा, मग रागाने फोन भिरकावला होता. त्यावर आपल्या पोरीला उंबरा बंद केला. घोरपडशेठ ते घोरपडशेठच.

(लिही, सदू. मी काय खोटं बोलतेय?)

मग याने बघितलं. घोरपड चालली, हा चालला. आणि तिथं ढोलकी नव्हती, तुझा आवाज होता. मला एरवी फोनमधलं ऐकू येत नाही, पण कोकिळाने आवाज एवढा मोठा केला होता की मनुबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. तू म्हणत होतीस: "हे माझे बाबा. बावीस वर्षं ट्रक चालवून यांनी मला शिकवलं. यांचा डावा खुबा दुखतो, पण ते कुणाला सांगत नाहीत. म्हणून मी पावलं वाचायला शिकले. जे बोलत नाहीत त्यांची हाडं आणि पावलं वाचावी लागतात, मग ते बावीस कोटी वर्षांपूर्वीचे असोत नाहीतर आपल्या घरातले."

याने ते तीनदा लावलं. पेज गार झाली. मग म्हणाला, "विनेशला फोन लाव."

विनेश फोन उचलेना. गाडी चालवताना उचलायचा नाही, हा नियम यानेच घालून दिलाय! पंधरा वेळा लावला. हा घोडी घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. डॉक्टरांनी दिवसाला वीस पावलं सांगितली होती, याने दोनशे टाकली असतील. "माणगाव गेलं असेल आता. आता म्हसळा. आता पोहोचला." मी नुसती माळ धरून बसले होते, जप एकही झाला नाही.

चार वाजता गाडी दारात. विनेश उतरला तो मान खाली घालून. हातात बरणी! तशीच, भरलेली.

"शेठ, माफ करा, काम झालं न्हाय," म्हणाला. "भटजींनी विचारलं, मयताचं नाव काय? म्हटलं, सदाशिव घरत. कधी गेले? म्हटलं, गेले न्हायत, घरी पेज खातायत. मग भटजींनी माझ्याकडं असं बघितलं ना शेठ! म्हणाले, जिवंत माणसाच्या अस्थी घेऊन येतोस, उद्या स्वतःलाच घेऊन येशील. म्हटलं, पूर्ण अस्थी न्हायत, नुसता खुबा हाय. तर म्हणाले, मग बाकीचा माणूस यायचा तेव्हा सगळा एकदम आण. हाकललं मला."

सदू हसला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता घोडीचा हात सुटला आणि कळायच्या आत चार पावलं मोकळा चालला. विनेशकडून बरणी घेण्यासाठी. आम्ही तिघी बघत राहिलो, मनुबाई धरून.

बरणी उजेडात धरून त्याने ती चकाकी बघितली. "ह्या एवढ्याशा जागेवर उभा होतो मी?" म्हणाला.

नंतर मी विचारलं, सदू, पोरीला स्वतःचं एक वाक्य लिहितोस का? त्याने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाला, "तिला म्हणावं, सही कुठं करायची ते कागदावर नीट कळत नाही, मी दोन्हीकडे केलीय."

तो कागद सोबत आहे. प्रगतिपुस्तकावर असायची तीच सही. संस्थेचा माणूस रीतसर येऊन बरणी घेऊन जाऊ दे. मनुबाईला मी सांगितलंय की गंगा कलकत्त्यालाच समुद्राला मिळते. तिचं समाधान झालंय.

आजी

कोलकाता
१७ एप्रिल

सदू,

अक्षर ओळखलंस ना?

मी सांगतेय आणि तुझी पोरगी लिहितेय. आता हिची पाळी. मी बोलेन ते सगळं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही. संध्याकाळी कोकिळा वाचून बघणार आहे. "आजी, हे कशाला?" म्हणतेय. अगदी तुझ्यावर गेलीय.

विमानात बसले. भीती वाटली नाही, जागा कमी होती. इथला मासा चांगला आहे पण नदीचा, अंगात मीठच नाही बिचाऱ्याच्या. कोकिळाने आपलं सुकटीचं तिखट आणलं होतं म्हणून वाचलो. तू आला नाहीस. "कुठल्या तोंडाने जाऊ" म्हणालास. सदू, तिथं तुझं तोंड कुणी विचारलंच नाही, सगळे तुझा खुबाच बघत होते. आता ऐक.

मोठं दालन. मध्ये ती सासूबाई, म्हणजे तिच्या जातीचं मांडलेलं ते जनावर, पाय फाकून, पोट टेकून. मला बघूनच कीव आली. पुढच्या रांगेत चार मोठी माणसं, त्यात मोठे सर. उंच, पांढरी दाढी, माझ्यापेक्षा लहानच असेल. नेत्रा उभी राहिली. कागद उलटे धरले होते. (लिही, उलटे धरले होते.) तिने नदीचं उत्तर आधी दिलं. नदीने घासलं असतं तर हाड सगळीकडून गुळगुळीत झालं असतं. इथं फक्त समोरासमोरच्या दोन जागा, आणि भिंगाखाली बारीक ओरखडे, सगळे पुढून मागे जाणारे. म्हशीच्या खुब्यात पण तसेच. मगरीच्या खुब्यात ते भिंतीवर.

मोठे सर म्हणाले, "पण यावरून चाल ओळखता येते, हे कशावरून?" शब्द मला कळले नाहीत, माणूस कळला. कोकिळाने कानात सांगितलं ते अगदी तेच निघालं.

मग तुझ्या पोरीने काय करावं? तुझ्या खुब्याचा हुबेहूब साचा करून आणला होता, चकाकी कुठं, ओरखडे कसे, सगळं खुणा करून. तो तिने मोठ्या सरांच्याच हातात दिला. म्हणाली, "सर, हे एका माणसाचं आहे. तो कसा चालायचा, तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याने गोळा फिरवला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा फिरवला. प्रामाणिक माणूस आहे हो, टाळलं नाही. म्हणाला, डावा पाय. हा माणूस पाऊल बाहेर वळवून टाकत असणार. पाऊल आखूड असणार, कारण पाय मागे जाताना अडत असणार. टाच पूर्ण टेकत नसणार. आणि एवढं होऊनही हा बरीच वर्षं थांबलेला नाही.

नेत्राने पडद्यावर काशीद लावलं.

सदू, तू चाललास! दालनाएवढा मोठा. ओली वाळू, मागे समुद्र, आणि पायांखाली एकेक पाऊल उमटत गेलं. डावं बाहेर वळलेलं, आखूड, टाच अधांतरी. मोठे सर जे जे म्हणाले ते ते तू त्यांच्यासमोर करून दाखवलंस. आधी कुणीतरी एकाने टाळी वाजवली. (कोकिळाने वाजवली. आता सांगायला हरकत नाही.) मग सगळ्या दालनाने. कुणी हसलं नाही रे. एकसुद्धा हसलं नाही.

मोठे सर उभे राहिले. म्हणाले, हाडावरून मी एका माणसाची चाल सांगू शकलो, तर मग या जनावराची का नाही सांगायची? आणि त्या मांडलेल्या सासूबाईकडे बघून म्हणाले, "हिला उठवावं लागेल."

बावीस कोटी वर्षं बाई पोटावर पडली होती. आता पुढच्या महिन्यात तिचे पाय सोडवून पोटाखाली घेणार, अंग भुईपासून हातभर वर. खाली पाटी लावणार, त्यावर नेत्राचं नाव. आणि तिच्या प्रबंधात, मी वाचून घेतलंय, पहिल्या पानावर तुझं नाव आहे. सदाशिव घरत, खारदेवळी, यांची चाल आणि खुबा.

शेवटी कुणीतरी विचारलं, हे गृहस्थ कोण? तुझ्या पोरीने पडद्याकडे बघितलं. एवढं सगळं बोलली आणि दोन शब्दांना अडली. मग म्हणाली, "माझे बाबा." ते मला न तडतडता ऐकू आलं.

तर आता ऐक. आम्ही तिघी सत्तावीस तारखेला, रविवारी येतोय. तू जे उंबऱ्याबद्दल बोलला होतास ते कसं मागे घ्यायचं ते तुझं तू बघ, मी त्यात पडणार नाही. घोडी माळ्यावर टाक. मनुबाईला सांग, आत्मा लंगडणार नाही, लेखी मिळालंय.

मला बोलायचं होतं ते झालं. आता ही म्हणतेय, हिला खाली स्वतःचं काही लिहायचंय. मला वाचून दाखवणार नाही म्हणते. बघितलंस? लिहिता येणाऱ्यांची ही दादागिरी. लिही बाई, जागा आहे.

तुझी आये

बाबा, रविवारी फाट्यापर्यंत घ्यायला या. चालत. या वेळी मागून शूटिंग करणार नाही, समोरून करीन.
नेत्रा